गच्चीवरची मत्स्यबाग

गेल्या दिवाळी स्नेहसंमेलनात आमच्या घरून आलेल्या अळूवड्यांचा डबा रिकामा झाल्यावर दोन-तीन स्नेह्यांनी विचारले, ‘‘इंदूरच्या बाजारात इतका कोवळा अळू कुठे मिळाला हो?’’ ‘‘गच्चीवर, आणि तोही मातीशिवाय,’’ असे मी सांगताच प्रश्नांची फैर झडली. त्यातल्या निम्म्या प्रश्नांना मला तिथे नीट उत्तर देता आले नाही. तेव्हा संपादक मंडळाने ‘‘मग लिहूनच द्या’’ असा आग्रह धरला. मी बालरोगतज्ज्ञ; शेती किंवा मत्स्यशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही या खटाटोपात मला जो धडा मिळाला, तो माझ्याच व्यवसायातला निघाला. म्हणून हे लेखन.

प्रारंभ झाला तो माझ्या वडिलांमुळे. नानांचे वय आज ८४. शिक्षकीतून निवृत्त झाल्यापासून घरामागची परसबाग हेच त्यांचे विश्व होते. तीन वर्षांपूर्वी ते न्हाणीघरात पडले, मांडीच्या हाडाचा खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली. काठी घेऊन चालू लागले, परंतु वाकणे आणि उकिडवे बसणे कायमचे बंद झाले. बागेशिवाय नाना म्हणजे केवळ खिडकीशी बसलेले एक गृहस्थ! खाणे कमी झाले, बोलणे त्याहून कमी झाले. त्यांना उभ्याने किंवा स्टुलावर बसून करता येईल अशी बाग हवी होती. कुंड्या उचलणे, माती खणणे, खत कालवणे यातले काहीही त्यात नको होते. त्या शोधात मी या पद्धतीपाशी पोहोचलो. तिला ॲक्वापोनिक्स म्हणतात. आमच्या घरात तिचे नाव ‘मत्स्यबाग’ असे पडले.

पद्धतीचे तत्त्व

मत्स्यपालन आणि मातीविना शेती यांची ही सांगड आहे. एका टाकीत मासे असतात. त्या टाकीतले पाणी पंपाने वर खडीने भरलेल्या वाफ्यात चढते, वनस्पतींच्या मुळांतून झिरपते आणि स्वच्छ होऊन पुन्हा टाकीत उतरते. माशांचे मलमूत्र हे वनस्पतींचे खत आणि वनस्पती म्हणजे माशांची गाळणी.

कल्पना जुनीच आहे. अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यातले आपातानी लोक भाताच्या खाचरांतच मासे वाढवतात. आजच्या स्वरूपातील पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास मात्र १९८० च्या दशकात झाला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात मार्क मॅकमर्ट्री यांनी आणि व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी तो केला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये घरगुती व लहान प्रमाणावरील मत्स्यबागेसाठी एक सविस्तर पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे दिलेली बरीचशी प्रमाणे तिच्याशी जुळणारी आहेत.

वरच्या वर्णनात एक महत्त्वाचे पात्र राहून गेले. माझ्याकडूनही ते प्रत्यक्षात राहून गेले होते. मासे प्रामुख्याने कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. अमोनिया हे वनस्पतींचे आवडते खत नव्हे आणि माशांना तर ते विष आहे. पाण्यातले नायट्रोसोमोनास यांसारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइट हे दुसरे विष. त्यानंतर नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे नायट्रेट माशांना फारसे बाधत नाही आणि वनस्पती ते आवडीने शोषतात. या जिवाणूंचे कार्य सर्गेई विनोग्राद्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडले. काही नायट्रोस्पायरा दोन्ही पायऱ्या एकट्याने पार पाडतात, हे तर २०१५ मध्येच ठाऊक झाले. विष आणि अन्न यांच्यामध्ये हे अदृश्य जीव उभे असतात. ते विकत आणून एका रात्रीत बसवता येत नाहीत. खडीच्या प्रत्येक दाण्यावर त्यांचा थर चढावा लागतो आणि त्याला सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात.

माझी चूक

हे सारे मी वाचले होते. तरीही टाकी भरल्यावर दुसऱ्याच दिवशी मी २० कोई कार्प आणून सोडले. नानांना लवकर काहीतरी दिसावे, ही घाई. पहिला आठवडा आनंदात गेला. नाना दोन वर्षांनी गच्चीवर आले. स्टुलावर बसून त्यांनी कोथिंबीर पेरली.

चौदाव्या दिवशी सकाळी त्यांनीच मला हाक मारली. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडीत होते. हवेचा पंप तर व्यवस्थित चालू होता. मला वाटले प्राणवायू कमी पडतो आहे. मी दुसरा पंप लावला. संध्याकाळपर्यंत नऊ मासे गेले. एक मेलेला मासा हातात घेऊन कल्ल्याचे झाकण उचलले, तर आत लाल रंगाऐवजी चॉकलेटी तपकिरी रंग! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

डॉक्टर वाचकांच्या तो एव्हाना पडलाच असेल. नायट्राइट रक्तात शिरले की हिमोग्लोबिनमधील लोहाचे रूप पालटते आणि मेथहिमोग्लोबिन तयार होते. ते प्राणवायू वाहू शकत नाही. अमेरिकेतील आयोवा येथे हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये विहिरीच्या नायट्रेटयुक्त पाण्यात कालवलेल्या दुधामुळे निळी पडलेली तान्ही बाळे वर्णिली, ती याच विकाराची. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या तांबड्या पेशींत मेथहिमोग्लोबिन पूर्ववत करणारे विकर पुरेसे नसते, म्हणून धोका त्यांना अधिक. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम ठेवली आहे, तीही याच कारणाने. प्राणवायू दिला तरी न निवळणारी निळाई आणि हवा लागूनही लाल न होणारे चॉकलेटी रक्त ही लक्षणे मी कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना घोकून घेतली आहेत. आणि माझ्याच टाकीत तोच रुग्ण समोर असता मी केवळ प्राणवायू वाढवीत बसलो!

नायट्राइट तपासले, ते दर लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर होते. सुरक्षित मर्यादा १ च्या खाली. एक तृतीयांश पाणी बदलले आणि ५०० लिटरला अर्धा किलो साधे मीठ विरघळवले. नायट्राइट ज्या वाटेने कल्ल्यात शिरते, त्याच वाटेने क्लोराइडही शिरते. क्लोराइड भरपूर असले की नायट्राइटला वाट मिळत नाही. सहा मासे वाचले, चौदा गेले. मिठाने नानांची कोथिंबीर मात्र करपली.

त्या रात्री नाना रागावले नाहीत. जेवताना एवढेच म्हणाले, ‘‘अरे, तू बाळाला बारशाच्या दिवशी पुरणपोळी भरवतोस का? मग या टाकीलाच कसली घाई होती?’’ दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खिडकीशी बसले. चौदा माशांपेक्षा तेच मला अधिक लागले.

पाणी पिकवणे

नंतर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वाचलेले सहा मासे वेगळ्या टबात ठेवून त्यांचे पाणी रोज थोडे बदलत राहिलो. मोठी टाकी माशांविना ‘पिकवायला’ ठेवली. ही कृती सोपी आहे. ५०० लिटर पाण्यात प्रयोगशाळेत वापरतात तसा शुद्ध अमोनियम क्लोराइड सुमारे ३ ग्रॅम टाकला, की अमोनिया दर लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास जातो. कल्हईवाल्याकडचा नवसागर हाच पदार्थ असला तरी त्यात भेसळ असते. तो वापरू नये. पंप अखंड चालू ठेवायचा आणि अमोनिया उतरला की पुन्हा तेवढाच डोस द्यायचा. आधी अमोनिया उतरू लागतो व नायट्राइट चढते. मग नायट्राइट उतरू लागते व नायट्रेट दिसू लागते. डोस दिल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, म्हणजे पाणी पिकले. मासे त्यानंतरच.

मत्स्यालयाच्या दुकानात थेंब टाकून रंग पाहण्याचा तपासणी संच मिळतो. मी तो नानांच्या हाती दिला आणि सोबत एक वही. शिक्षकी पेशातला माणूस. त्यांनी वहीत रकाने आखले. रोज सकाळी काठी टेकत वर यायचे, नळीत पाणी घ्यायचे, थेंब मोजायचे, रंग ताडून आकडा लिहायचा. अडतिसाव्या दिवशी त्यांनी खाली हाक मारली, ‘‘दोन्ही शून्य आहेत. आता आण तुझे मासे.’’

रचना आणि प्रमाणे

आमची मत्स्यबाग अशी आहे. टाकी ५०० लिटरची, आडवी आणि सुमारे ४५ सें.मी. खोल. २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा पिंप उभा चिरून त्याचे दोन अर्धे भाग वाफे म्हणून वापरले. त्यांची खोली जवळपास ३० सें.मी. आणि दोहोंचे मिळून क्षेत्र सुमारे १ चौरस मीटर. पिंपात पूर्वी खाद्यपदार्थ होते याची खात्री करून घ्यावी. रसायनाचा पिंप कदापि नको. वाफे लोखंडी चौकटीवर असून त्यांची कड जमिनीपासून ८५ सें.मी. उंच आहे, म्हणजे नानांना वाकावे लागत नाही.

खडी १० ते २० मि.मी. आकाराची. आपल्या माळव्यातली काळी गिट्टी बेसाल्टची असल्याने उत्तम. खडीवर व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर तीत चुनखडी आहे, ती पाण्याचा सामू वाढवते, म्हणून टाळावी. खडी पाणी नितळ येईपर्यंत धुवावी.

पाण्याची भरती-ओहोटी सायफनने होते. लहानपणी आपण वासुदेवाचा पेला पाहिला असेल. पाणी चढत चढत बाळकृष्णाच्या पायाला लागले की यमुना ओसरावी तसे सारे पाणी खालून निघून जाते. वाफ्यात नेमके तेच तत्त्व आहे. मधोमध एक उभी नळी, तिच्यावर वरून बंद असलेली रुंद नळी आणि खडी आत येऊ नये म्हणून भोवती जाळीची नळी. पाणी आतल्या नळीच्या तोंडाशी पोहोचले की सायफन सुरू होतो, वाफा झपाट्याने रिकामा होतो, तळाशी हवा शिरते आणि सायफन तुटतो. मग पुन्हा भरणे सुरू. या आवर्तनामुळे मुळांना आणि जिवाणूंना पाणी व हवा आळीपाळीने मिळते. खडीचा वरचा ४-५ सें.मी. थर कोरडा राहावा इतकीच पाण्याची पातळी ठेवावी. त्यामुळे शेवाळ धरत नाही आणि डासांनाही थारा मिळत नाही.

पंपाने तासाला निदान टाकीइतके पाणी फिरवले पाहिजे. उंचीमुळे प्रवाह घटतो, म्हणून तासाला १००० लिटरचा पंप घेतला. तो २५ वॅटचा आणि हवेचा पंप ५ वॅटचा. दोन्ही अहोरात्र चालून महिन्याला साधारण २२ युनिट वीज लागते. हवेचा पंप इन्व्हर्टरवर असणे अनिवार्य. २० अंश तापमानाला पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो. म्हणजे मे महिन्यात वीज गेली की माशांकडे मुळातच शिल्लक कमी असते. टाकीवर हिरवी जाळी आणि दुपारची सावली हवीच.

वजनाचा विचार आधी करावा. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो, २०० लिटर खडी म्हणजे सुमारे ३०० किलो. चौकटीसह भार ९०० किलोच्या घरात जातो. तो भिंती व तुळयांच्या वर यावा आणि बांधकाम अभियंत्याला दाखवल्यावाचून गच्चीवर काहीही चढवू नये.

मासे किती? याचे उत्तर खाद्यावरून काढतात. पालेभाजीच्या १ चौरस मीटर वाफ्याला माशांचे रोजचे ४० ते ५० ग्रॅम खाद्य पुरते. मासे वजनाच्या एक-दोन टक्के खातात, म्हणून आमच्या टाकीला एकूण ३ किलो मासे पुरेसे. सुरुवात बोटभर लांबीच्या १२-१५ माशांनी आणि रोज ८-१० ग्रॅम खाद्याने करावी. मासे वाढतील तशी रोपे वाढवावीत. पाच-दहा मिनिटांत न संपलेले खाद्य काढून टाकावे. आमचे घर शाकाहारी, म्हणून कोई कार्प. ते थंडीही सोसतात. ज्यांना मासे खाण्यासाठी वाढवायचे आहेत त्यांनी जातीची निवड मत्स्यव्यवसाय विभागाला विचारून करावी. थाई मांगूर पाळण्यास आपल्या देशात बंदी आहे.

रोजची निगा

रोज पाच-दहा लिटर पाणी उडून जाते. नळाचे पाणी भर घालण्यापूर्वी रात्रभर हवा देऊन उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरीन निघून जातो. सामू ६ ते ७ च्या दरम्यान असावा. जिवाणूंच्या कामामुळे तो हळूहळू खाली येतो. ६ च्या खाली गेल्यास तेच मंदावतात, तेव्हा शिंपल्यांची पुरचुंडी टाकीत सोडावी. उलट, सामू ८ कडे गेला तर त्याच अमोनियाचा विषारी अंश ७ च्या तुलनेत सुमारे नऊपट होतो.

कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली, तर तो लोहाचा अभाव. झाडांचा पंडुरोगच म्हणा ना! माशांच्या खाद्यात लोह अपुरे असते. १२ टक्के लोह असलेली चिलेटेड पूड ५०० लिटरला ८ ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा पुरते.

पालक, पुदिना, तुळस, कोथिंबीर आणि अळू ही नवख्याची पिके. अळूला तर पाय पाण्यातच आवडतात. टोमॅटो, मिरची सहा महिन्यांनंतर, टाकी मुरल्यावर.

डॉक्टर म्हणून काही सूचना

पहिली सूचना बालरोगतज्ज्ञाची: टाकीवर पक्की, कुलूप लागेल अशी जाळी हवी. रांगत्या आणि चालू लागलेल्या बाळाला बुडायला वीतभर पाणीही पुरते. पंपाच्या जोडणीला वीजगळती रोखणारा स्विच हवा. हातावर जखम असेल तर हातमोजे घालावेत. मत्स्यालयाच्या पाण्यातील मायकोबॅक्टेरियम मरिनममुळे हातावर बऱ्या न होणाऱ्या गाठी येतात, आणि रुग्णाला ‘‘घरी मासे पाळता का?’’ असे न विचारल्यास निदान महिनोन्महिने लांबते. पक्ष्यांची विष्ठा वाफ्यात पडू देऊ नये, शेणखत घालू नये, पाण्याचा शिडकावा पानांवर होऊ देऊ नये आणि भाजी वाहत्या पाण्यात धुवावी. कीटकनाशक फवारू नये. डासांचा धूरही नको, कारण त्यातील पायरेथ्रॉइड माशांना मारते. माशांना प्रतिजैविके देऊ नयेत. आजारी मासा वेगळ्या टबात काढावा. टाकीतल्या अळ्या मासे खातात, परंतु शेजारी पाण्याची उघडी बादली राहिली तर डेंग्यूचे आमंत्रण आपणच दिले असे होईल.

हिशेब

यातून घर चालेल इतकी भाजी मिळत नाही. आम्हाला आठवड्याला एक-दोन जुड्या पालेभाजी आणि अधूनमधून अळू मिळतो. झालेला खर्च भाजीच्या भावाने कधीच वसूल होणार नाही. ही भाजी बाजारातल्या भाजीपेक्षा अधिक पौष्टिक असते, असाही दावा मी करणार नाही.

नानांच्या वहीचा आता तिसरा भाग चालू आहे. सकाळी सात वाजता ते वर असतात. नातेवाइकांचे फोन आले की प्रकृतीऐवजी नायट्रेट किती ते सांगतात. खिडकीतली खुर्ची बहुधा रिकामी असते. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलेला जिने चढण्याचा व्यायाम आम्ही सांगून ते कधी करीत नव्हते. माशांनी सांगितल्यावर करू लागले.

आपल्यापैकी कुणाला हे करावेसे वाटले तर अवश्य या, पाहा, नानांना विचारा. फक्त एक विनंती. टाकी आणण्यापूर्वी दिनदर्शिकेवर चाळीस दिवस मोजून खूण करा आणि त्या खुणेच्या अलीकडे मासे आणू नका. तान्ह्या बाळाला आपण जो वेळ देतो, तोच त्या न दिसणाऱ्या जिवांनाही द्यावा लागतो. चौदा मासे गमावून मी हे शिकलो; आपल्याला एकही गमवावा लागू नये.